मंगल कार्यालयातलं नेटवर्क आणि व्हीलॅन : ऐन मुहूर्ताला नेट गेलं, आता काय करू?

लॉनवाला (सोमवार, रात्री १०:४०)

आमचं सांगलीजवळ मंगल कार्यालय आहे. खाली हॉल, मागे लॉन, वर वऱ्हाडाच्या १२ खोल्या. ऑफिसात २४ पोर्टचा एक स्विच, म्हणजे नेटच्या सगळ्या केबली जिथे येऊन जुळतात तो डबा. त्याच्यावरच १६ कॅमेरे, एनव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा), बिलिंगचे दोन कंप्युटर, प्रिंटर आणि पाहुण्यांच्या वायफायचे तीन ॲक्सेस पॉइंट, सगळं एकत्र. लॉनकडे जमिनीखालच्या पाइपातून एकच केबल गेलीय, साधारण ८५ मीटर.

परवाच्या लग्नात फोटोग्राफरच्या पोऱ्यानं लाइव्हसाठी स्वतःचा राउटर आणला आणि स्टेजमागच्या पोर्टात आपली केबल खुपसली. मुहूर्त १२:३२ चा. १२:२० ला आख्ख्या कार्यालयाचं नेट गेलं. नवरीची आत्या न्यू जर्सीत रात्री दोनला जागून बसली होती, तिला मंगलाष्टकं काय दिसली नाहीत. नवरीच्या वडिलांनी मला चारचौघांत सुनावलं ते वेगळंच.

कॅमेऱ्यांचा माणूस म्हणतो 'व्हीलॅन टाका'. म्हणजे नक्की काय? वायरी नव्यानं ओढाव्या लागतात का? स्विचच्या खोक्यावर 'स्मार्ट' लिहिलंय, पण आजवर त्यात कुणी लॉगिन केलेलं नाही.

क्रिम्पर (सोमवार, रात्री ११:०५)

पोऱ्यानं केबल त्या राउटरच्या लॅन पोर्टात (आतल्या उपकरणांसाठीच्या) लावली असणार, बाहेरून नेट घ्यायच्या वॅन पोर्टात नाही. तुमच्या राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ आहे का? त्याच्याही राउटरचा कंपनीतून आलेला पत्ता बहुतेक तोच. मग एका आळीत एकाच नावाची दोन घरं झाली. बिलिंगचा कंप्युटर ओरडतो, "१९२.१६८.१.१ कोण?" उत्तर दोघंही देतात. ज्याचं उत्तर डोक्यात बसलं त्याच्याकडे पुढचं सगळं जातं, आणि पोऱ्याच्या राउटरला बाहेरचं नेट होतंच कुठे! शिवाय तो डीएचसीपीनं नवीन मोबाइलांना पत्तेही वाटत बसला असेल.

पुन्हा झालं तर कंप्युटरवर काळ्या खिडकीत 'एआरपी -ए' मारून बघा. १९२.१६८.१.१ समोरचा मॅक पत्ता (उपकरणाचा कारखान्यातून आलेला नंबर) रोजचा नसेल तर कुणीतरी तोतया आलाय.

लॉनवाला (सोमवार, रात्री ११:१२)

तोच पत्ता आहे! आणि कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग मात्र चालूच होतं, फक्त माझ्या मोबाइलवर दिसत नव्हतं. ते कसं?

क्रिम्पर (सोमवार, रात्री ११:१५)

कारण कॅमेरा ते एनव्हीआर हा प्रवास स्विचच्या आतल्या आत होतो, राउटरला मध्ये पडावं लागत नाही. बाहेर जायचं झालं तरच राउटर लागतो.

पॅचकॉर्ड (मंगळवार, सकाळी ७:५०)

व्हीलॅन काय ते तुमच्याच धंद्यातून सांगते. कार्यालयात माइकवरून पुकारतात ना, "एमएच १० ची पांढरी गाडी गेटसमोर लावलीय, ती काढून घ्यावी." गाडी एकाची, पण जेवणारे, झोपलेले, भटजी, आचारी, सगळ्यांना ऐकावं लागतं. इथरनेटमध्ये, म्हणजे केबलींच्या या नेटवर्कमध्ये, याला ब्रॉडकास्ट म्हणतात. "हा पत्ता कुणाचा", "मला पत्ता द्या" हे सगळं असंच माइकवरून चालतं. साधा स्विच ते आलेला पोर्ट सोडून बाकी सगळ्या पोर्टांवर वाजवतो.

व्हीलॅन म्हणजे माइकची लाइन तोडणं. हॉलचा स्पीकर वेगळा, लॉनचा वेगळा, खोल्यांचा वेगळा. स्विच तोच, पण त्याला सांगायचं की १ ते ४ पोर्ट १० नंबरच्या व्हीलॅनचे, ५ ते २० हे २० नंबरचे, वगैरे. १० मधली हाक २० च्या पोर्टांवर जातच नाही.

आणि फक्त हाकच नाही. कुठला मॅक पत्ता कुठल्या पोर्टावर आहे याची वही स्विच ठेवतो. व्हीलॅन आल्यावर त्या वहीत प्रत्येक नोंदीपुढे व्हीलॅनचा नंबरही लागतो. कॅमेऱ्याचा मॅक पत्ता २० च्या पानावर आहे. ३० मधल्या पाहुण्यानं तोच पत्ता टाकून फ्रेम, म्हणजे माहितीचं एक पुडकं, पाठवली तरी स्विच ३० चंच पान उघडणार, तिथे नाव सापडणार नाही, मग ३० च्याच पोर्टांवर ती फ्रेम भिरकावणार. कॅमेऱ्यापर्यंत ती पोचत नाही.

म्हणजे पोऱ्यानं राउटर लावला असता तर गोंधळ फक्त त्या पोर्टाच्या व्हीलॅनपुरता झाला असता.

व्यवहारी (मंगळवार, सकाळी ९:३०)

एवढा उपद्व्याप कशाला? आठ-आठ पोर्टचे तीन साधे स्विच आणा. एक ऑफिसला, एक कॅमेऱ्यांना, एक पाहुण्यांना. लॉगिन नाही, सेटिंग नाही. चुकायला जागाच नाही. वेगळी वायर ती वेगळीच, त्याच्याइतकं पक्कं काही नाही.

पॅचकॉर्ड (मंगळवार, सकाळी ९:५५)

वेगळी वायर जास्त पक्की, हे मान्यच. पण लॉनला एकच केबल आहे आणि तिच्यावरून तिथले कॅमेरे, पाहुण्यांचं वायफाय आणि स्टेजचा पोर्ट असं तिन्ही जायचंय. तुमच्या हिशोबानं तीन केबली ओढायला फरशी उकरावी लागेल. आणि ८५ मीटर आधीच झालेत, तांब्याच्या केबलची मर्यादा १०० ची, त्यामुळे वळसा घालून न्यायलाही फारशी जागा नाही.

नवशिक्या (मंगळवार, दुपारी १:१०)

मग एकाच केबलवरून तिन्ही गेले तर पलीकडच्या स्विचला कसं कळतं की कुठली फ्रेम कॅमेऱ्याची आणि कुठली पाहुण्याची? तारेत सगळं एकच की.

जुनाखोड (मंगळवार, दुपारी ३:२०)

चांगला प्रश्न. अख्खा व्हीलॅन या प्रश्नाच्या उत्तरावर उभा आहे.

फ्रेमच्या सुरुवातीला कुणाला जायचं तो मॅक पत्ता, मग कुणाकडून आली तो, मग आत कुठल्या जातीचा माल आहे ते सांगणारे दोन बाइट. ट्रंकवर, म्हणजे दोन स्विचमधल्या केबलवर, सोडताना स्विच दुसऱ्या पत्त्याच्या लगेच मागे चार बाइटांची चिठ्ठी घुसवतो. पहिले दोन बाइट षोडशमानात ८१००, म्हणजे 'ही चिठ्ठी आहे' अशी खूण. उरलेल्या १६ बिटांत ३ बिट प्राधान्याचे, १ बिट गर्दीत ही फ्रेम आधी टाकून दिली तरी चालेल हे सांगणारा, आणि १२ बिट व्हीलॅनचा नंबर. १२ बिटांत ४०९६ आकडे बसतात, पण ० आणि ४०९५ राखीव, म्हणून वापरायला ४०९४. फ्रेमची कमाल लांबी १५१८ ची १५२२ होते, आणि मजकूर बदलला म्हणून शेवटची तपासणीची बेरीजही स्विच नव्यानं करतो.

पलीकडचा स्विच चिठ्ठी वाचतो, काढतो आणि फ्रेम योग्य पोर्टावर साधी करून सोडतो. कॅमेऱ्याला बिचाऱ्याला पत्ताच नसतो की आपण २० मध्ये आहोत.

हे सगळं आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेच्या ८०२.१क्यू या मानकात आहे, पहिली आवृत्ती १९९८ ची. त्याआधी ज्यानं-त्यानं आपापलं चालवलं होतं. सिस्को या स्विच बनवणाऱ्या कंपनीचं आयएसएल तर मूळ फ्रेमला हात न लावता तिला पुढे २६ आणि मागे ४ बाइटांच्या पाकिटात घालायचं, ३० बाइटांचा बोजा. आता ते गेलं, बरंच झालं.

अवांतर : कल्पना त्याहून जुनी. १९८० च्या दशकात बेलकोर या अमेरिकी टेलिफोन संशोधन कंपनीतले डेव्हिड सिन्कोस्की इथरनेट मोठं कसं करायचं या मागे होते. तारांत फेरा होऊन फ्रेमा गरगरू नयेत म्हणून रॅडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये डेक कंपनीत स्पॅनिंग ट्री काढलं होतं. पण एकच झाड म्हटलं की सगळी वाहतूक बुंध्याशी तुंबते. सिन्कोस्कींनी विचार केला, की झाडं अनेक ठेवू आणि प्रत्येक फ्रेमवर ती कुठल्या झाडाची ते लिहू. त्या लिहिण्यातून पुढे ही चिठ्ठी आली. आज लोक सुरक्षेसाठी व्हीलॅन टाकतात, पण जन्म झाला तो तुंबलेली वाहतूक मोकळी करायला.

क्रिम्पर (मंगळवार, दुपारी ३:४०)

दंडवत. वाचनखूण साठवली.

लॉनवाला (बुधवार, रात्री ११:५०)

आज लग्न नव्हतं म्हणून बसलो. १० ऑफिस, २० कॅमेरे, ३० पाहुणे, ४० फोटोग्राफर असं ठरवलं. लॉनवर आधी साधा स्विच होता, तिथेही स्मार्ट आठ पोर्टचा बसवला.

पाहुण्यांचा पोर्ट २२ घेतला, व्हीलॅन ३० मध्ये 'अनटॅग्ड' (बिनचिठ्ठी) अशी टिक केली. लॅपटॉप लावला तर पत्ता अजून जुनाच, १९२.१६८.१.४७. तीनदा केलं. मग वैतागून व्हीलॅन १ मधून सगळ्याच पोर्टांच्या टिक काढल्या, आणि आता स्विचचं पानच उघडत नाही. बायको म्हणते, आधी बरं चाललं होतं.

पॅचकॉर्ड (गुरुवार, सकाळी ७:१५)

दोन वेगळ्या चुका.

पहिली : टिक फक्त 'बाहेर जाताना' काय करायचं ते सांगते. आत येणारी बिनचिठ्ठीची फ्रेम कुठल्या व्हीलॅनची समजायची, ते या स्वस्त स्विचांत वेगळ्या पानावर असतं. त्याचं नाव पीव्हीआयडी. ते तुमचं १ च राहिलं. लॅपटॉपची हाक १ मध्ये शिरली, १ मधल्या राउटरनं उत्तर दिलं आणि पोर्ट १ मध्येही असल्यामुळे ते पोचलं. पोर्ट २२ साठी तिन्ही करायचं : ३० मध्ये अनटॅग्ड, पीव्हीआयडी ३०, आणि १ मधून बाहेर. यातलं तिसरं विसरलात तर १ मधल्या हाका पाहुण्याच्या तारेवर ऐकू येत राहतात. वरवर सगळं चालू दिसतं म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही.

दुसरी : स्विचचं स्वतःचं पान व्हीलॅन १ मध्ये राहतं. तुम्ही सगळ्यांना बाहेर काढलंत आणि किल्ली आतच राहिली. मागच्या बारीक भोकात टाचणी घालून दहा सेकंद दाबून धरा, कोरा होईल. या वेळी एक पोर्ट १ मध्येच ठेवा आणि त्यावर चिकटपट्टी लावून 'हात लावू नये' लिहा. हे सगळ्यांचं एकदा होतंच.

सिंगापूरकर (गुरुवार, सकाळी ११:००)

टाचणीनं सुटलात, नशीबवान आहात. मी एका मोठ्या डेटासेंटरमध्ये नवा होतो तेव्हाची गोष्ट. ट्रंकवरून ४० एक व्हीलॅन जात होते. त्यात ११० नंबर वाढवायचा होता. मी टाइप केलं, 'स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ११०'. त्या स्विचांत 'व्हीलॅन' आणि '११०' च्या मध्ये 'ॲड' हा शब्द लागतो. तो नसला की अर्थ होतो 'फक्त ११० ला सोड'. एंटर दाबलं आणि बाकीचे ४० जागेवर बंद. त्यातल्याच एकावरून मी स्विचला जोडलेलो होतो, त्यामुळे पडदा गोठला. थेट स्विचला लावायची कन्सोल केबल घेऊन त्या रॅकपर्यंत धावताना पाय लटपटत होते. आज १४ वर्षं झाली, अजून ही कमांड मारताना आधी वहीत लिहितो.

लॉनवाला (शुक्रवार, रात्री १०:३०)

जमलं! चारही व्हीलॅन, लॉनच्या केबलवर चारही टॅग्ड, ॲक्सेस पॉइंटवर दोन नावं : पाहुण्यांचं ३० ला, आमचं १० ला. राउटरही व्हीलॅन समजणारा घेतला, त्यावर चार पत्ते टाकले, १९२.१६८.१०.१ पासून ४०.१ पर्यंत.

आणि मग सहज म्हणून पाहुण्यांच्या वायफायवरून मोबाइलमध्ये १९२.१६८.२०.५ टाकलं. एनव्हीआरचं लॉगिन पान उघडलं!! अहो, वेगळं केलंय ना आपण? मग हे काय?

पॅचकॉर्ड (शुक्रवार, रात्री १०:५०)

वाटच बघत होते, ही पोस्ट कधी येते म्हणून.

स्विचनं आपलं काम चोख केलंय. मोबाइलनं पाहिलं की २०.५ आपल्या आळीत नाही, म्हणून फ्रेम राउटरकडे दिली. राउटरचा एक पाय ३० मध्ये, एक २० मध्ये. एका पायाकडून दुसऱ्या पायाकडे माल नेणं हीच त्याची नोकरी, आणि त्याला कुणी नाही म्हटलेलं नाही. तुम्ही खोल्यांच्या भिंती बांधल्यात आणि मध्ये सगळ्या खोल्यांची दारं उघडणारा अतिशय नम्र रखवालदार बसवलात.

आता राउटरच्या फायरवॉलमध्ये लिहा. ऑफिस ते कॅमेरे, जाऊ दे. पाहुणे ते बाहेरचं नेट, जाऊ दे. पाहुणे ते बाकी कुठलंही आतलं, अडव. ४० लाही तसंच. आधी सुरू झालेल्या संवादाची उत्तरं परत येऊ द्यायची, तो नियम सगळ्यात वर.

कॅमेऱ्यांच्या २० ला बाहेरचं नेट द्यायचं का, याचाही विचार करा. मी देत नाही. एनव्हीआरला पाहिजे तेवढंच.

लॉनवाला (शुक्रवार, रात्री ११:४०)

एनव्हीआर बंद झालं, पण पाहुण्यांचं नेटही गेलं. वायफाय जोडलेलं दिसतं, पत्ता मिळतो, पान एकही उघडत नाही. बाहेरच्या ८.८.८.८ या पत्त्याला पिंग (नुसती हाक) मात्र जातोय.

क्रिम्पर (शुक्रवार, रात्री ११:४६)

पिंग जातोय आणि पान उघडत नाही म्हणजे नावं सोडवणारा डीएनएस अडकला. पाहुण्यांना डीएनएस कोण देतो? १९२.१६८.३०.१, म्हणजे राउटर स्वतःच. 'आतलं सगळं अडव' मध्ये तोही गेला. अडवायच्या ओळीच्या वर ५३ नंबरच्या पोर्टाला परवानगी द्या. पण राउटरचं लॉगिन पान पाहुण्यांना दिसता कामा नये, ना ३०.१ वर, ना १०.१ वर. चारही पत्ते टाकून तपासा, तो सगळीकडून उत्तर देतो.

लॉनवाला (शुक्रवार, रात्री ११:५८)

चालू झालं. १०.१ वर खरंच दिसत होतं, बंद केलं. झोपतो.

नवशिक्या (शनिवार, सकाळी ८:२०)

एवढं केल्यावर कुणी हुशार माणूस एका व्हीलॅनमधून दुसऱ्यात उडी मारू शकतो का?

जुनाखोड (शनिवार, सकाळी १०:१०)

स्विच नीट लावला नसेल तर मारतो. दोन जुन्या युक्त्या. एक, आपला लॅपटॉपच स्विच असल्याचं सोंग आणायचं. काही स्विच समोरच्याशी आपोआप ट्रंक जुळवतात आणि मग सगळेच व्हीलॅन त्याच्या हाती लागतात. म्हणून पाहुण्यांचे पोर्ट 'कायम ॲक्सेस' (एकाच व्हीलॅनचे, ट्रंक नाही) असे ठोकून ठेवायचे. दोन, फ्रेमला एकावर एक दोन चिठ्ठ्या लावायच्या. ट्रंकवर एक व्हीलॅन बिनचिठ्ठीचा जातो, त्याला नेटिव्ह म्हणतात. हल्लेखोर त्याच व्हीलॅनमध्ये बसला असेल तर पहिला स्विच वरची चिठ्ठी काढतो, आतली तशीच राहते, आणि दुसरा स्विच तिलाच खरी मानतो. उत्तर मात्र परत येत नाही, एकेरीच मारा. नेटिव्हला कुणीच बसत नसलेला नंबर द्या, प्रश्न मिटला.

व्यवहारी (शनिवार, सकाळी १०:४०)

म्हणून म्हणत होतो, तीन स्विच.

सिंगापूरकर (शनिवार, सकाळी १०:५५)

:) आणि पाहुणा २० मध्ये शिरला नाही तरी लॉनची केबल सगळ्यांची एकच आहे, हे विसरू नका. व्हीलॅननं वेग वाटला जात नाही. ३० मध्ये दोनशे जणांनी रील बघायला घेतल्या तर कॅमेऱ्यांचं चित्रही अडखळेल. ॲक्सेस पॉइंटवर माणशी मर्यादा घाला. तिथेच 'क्लायंट आयसोलेशन' असेल तर तेही चालू करा, कारण एकाच व्हीलॅनमधल्या दोन पाहुण्यांना व्हीलॅन वेगळं करत नाही.

पॅचकॉर्ड (शनिवार, सकाळी ११:२०)

बरोबर. त्याच न्यायानं फोटोग्राफरच्या ४० मध्ये पुन्हा तोतया राउटर आला तर ४० मधले दुसरे, म्हणजे व्हिडिओवाले, मरतीलच. त्यावर खरा उपाय डीएचसीपी स्नूपिंग. स्विचला सांगायचं की पत्ते वाटण्याचा हक्क फक्त राउटरकडच्या पोर्टाला, बाकी कुणी वाटायला लागलं तर त्याचं उत्तर गिळून टाक. तुमच्या स्विचच्या मेनूत आहे का बघा. लॉनच्या स्विचवर ट्रंकचा पोर्ट विश्वासातला करायला विसरू नका, नाहीतर खऱ्या राउटरचंच उत्तर गिळलं जाईल.

लॉनवाला (शनिवार, दुपारी २:००)

आहे, केलं. एक बारीक तक्रार : माझा मोबाइल पाहुण्यांच्या वायफायवर असला की प्रिंटर दिसत नाही.

क्रिम्पर (शनिवार, दुपारी २:०४)

नाहीच दिसणार. प्रिंटरही आपलं नाव माइकवरूनच पुकारतो आणि तुम्ही माइकची लाइन तोडलीत. मालक आहात, १० च्या वायफायवर या.

लॉनवाला (रविवार, रात्री ११:१५)

आज मोठं लग्न होतं. तोच फोटोग्राफर, तोच पोऱ्या, तोच राउटर. मी काही बोललो नाही, मुद्दाम बघत राहिलो. त्यानं स्टेजमागच्या पोर्टात केबल खुपसली. ऑफिसात येऊन 'एआरपी -ए' मारलं. १९२.१६८.१०.१ समोर आपल्याच राउटरचा मॅक. बिलिंग चालू, कॅमेरे चालू. पोऱ्या पाच मिनिटांनी डोकं खाजवत आला, "दादा, माझ्या राउटरला नेट येत नाही." त्याला लॅन पोर्टातली केबल काढून वॅन पोर्टात लावायला सांगितली. ४० मधून पत्ता मिळाला, लाइव्ह सुरू झालं.

पण चारच्या सुमारास गेटचा कॅमेरा काळा पडला. अर्धा तास नियम तपासले, पोर्टांची टिक तपासली, सगळं बरोबर. शेवटी स्विचपाशी गेलो. मावशींनी झाडताना दोन केबली निघाल्या म्हणून परत लावल्या होत्या, पण अदलाबदल करून. गेटचा कॅमेरा २२ मध्ये आणि पाहुण्यांचा ॲक्सेस पॉइंट ९ मध्ये. म्हणजे अर्धा तास पाहुण्यांचा पॉइंट कॅमेऱ्यांच्या व्हीलॅनमध्ये!

पॅचकॉर्ड (रविवार, रात्री ११:३०)

ॲक्सेस पोर्टचा व्हीलॅन भोकाला चिकटलेला असतो, केबलच्या टोकाला काय आहे ते स्विच बघत नाही. निदान तो पॉइंट ३० ची चिठ्ठी लावूनच बोलतो ना? मग पोर्ट ९ ला ३० मान्य नसल्यामुळे त्या फ्रेमा तिथेच टाकल्या गेल्या असतील. पाहुण्यांचं वायफाय बंद पडल्याची कुरकूर आली होती का?

लॉनवाला (रविवार, रात्री ११:३३)

आली होती! मला वाटलं गर्दीमुळे.

जोडलेल्या उपकरणाची ओळख पटवून व्हीलॅन देणारं काही असतं का?

जुनाखोड (सोमवार, सकाळी ६:४०)

असतं, ८०२.१एक्स. पण त्यासाठी ओळख तपासणारा सर्व्हर लागतो, आणि तुमच्या कॅमेऱ्यांना ते येत असेलच असं नाही. रॅकला काचेचं दार आणि कुलूप बसवा.

लॉनवाला (सोमवार, सकाळी ९:१०)

कुलपाची किल्ली मावशींकडेच राहणार, झाडायचं त्यांनाच आहे. कॅमेऱ्यांना लाल, पाहुण्यांना निळ्या आणि ऑफिसला पिवळ्या केबली मागवल्यात. मावशींना विचारलं, तर म्हणाल्या निळी आणि जांभळी सोडून काहीही चालेल, संध्याकाळी फरक कळत नाही. निळीच्या जागी हिरवी सांगितली.